चार दारे, एकच खोत



कोकणातील जुन्या गावांत दवंडी पिटण्याची एक रीत होती. दवंडीवाला एका आळीत उभा राहून मजकूर सांगे आणि मग पुढच्या आळीत जाई. मजकूर तोच असे. परंतु प्रत्येक आळीत त्याला घटकाभर थांबावे लागे; कारण कोणी तरी हमखास विचारी, हा हुकूम कोणाचा, केव्हापासून लागू, आणि गुरे कोठे न्यायची. ठाऊक असेल तेवढे तो सांगे, नसेल तर पाटलाच्या वाड्याकडे बोट दाखवी. तेव्हा एकच वार्ता अनेक ठिकाणी एकाच दिवशी पोचवण्याची कल्पना काही इंटरनेटच्या युगाने शोधून काढलेली नाही. नवे आहे ते एवढेच की, वार्ता देणाऱ्याला आता कोणत्याही आळीत थांबावे लागत नाही.

रोह्यातील एखादा कार्यकर्ता घ्यावा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांची सभा ठरली आहे. तो मजकूर तयार करतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकतो, तोच फेसबुकवर, तोच इन्स्टाग्रामवर, तोच एक्सवर, आणि कोणी तरुण सोबती हाताशी असेल तर टेलिग्रामवरही. एका वेळी सर्व ठिकाणी मजकूर चढवून देणारी साधनेही बाजारात आहेत. सारे काम पाच मिनिटांचे. तालुक्याला कळवले, या समाधानाने तो फोन खिशात ठेवतो. सभेच्या दिवशी मात्र नेहमीचेच चेहरे दिसतात, आणि ज्यांच्यासाठी सभा होती ते कामगार दुसऱ्या पाळीवर गेलेले असतात. पाळी बदलल्याचे त्यांच्यापैकी एकाने इन्स्टाग्रामच्या मजकुराखाली लिहिलेलेही असते. ते कोणी वाचलेले नसते.

या साध्या प्रसंगात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एकच गोष्ट सांगण्यासाठी त्या कार्यकर्त्याला पाच दारे का ठोठवावी लागली, हा पहिला. आणि पाच ठिकाणी सांगितल्यावर त्या गोष्टीचे काय झाले, हा दुसरा. पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, दुसरा राजकारणाचा. चळवळींत दुसऱ्याची चर्चा अधूनमधून होते. पहिला कोणी विचारतच नाही, म्हणून आधी तोच घेतलेला बरा.

पेणच्या टपालपेटीत टाकलेले पत्र रोह्याला पोचते आणि नैरोबीलाही पोचते. नैरोबीच्या टपालखात्याचे तिकीट पेणमध्ये मिळत नाही आणि ते लागतही नाही. हे आज स्वाभाविक वाटते. पण ते आपोआप घडलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन देशांमध्ये पत्र जायचे तर त्या दोन देशांचा स्वतंत्र करार असावा लागे, दरही निराळे असत. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय टपाल संघ जन्माला आला आणि एका देशाचे तिकीट दुसऱ्याने मानावे हे तत्त्व रूढ झाले. हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात सामील झाला. दूरध्वनीचा इतिहास याहून बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बेल कंपनी आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसत. एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. परिणामी अनेक गावांतील दुकानदार आणि डॉक्टर दोन-दोन दूरध्वनी बाळगत आणि दोघांचेही भाडे भरत. १९१३ मध्ये सरकारच्या दबावाखाली बेल कंपनीने आपल्या दूर पल्ल्याच्या तारा इतरांना जोडू देण्याचे मान्य केले. पुढे तेथे मक्तेदारी उभी राहिली हे खरे, पण ती सरकारी नियंत्रणाखालची होती. दोन दूरध्वनी बाळगण्याला त्या काळीही कोणी आधुनिक सोय म्हटले नसेल.

याच देशातील ताजे उदाहरण पाहावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पैसे देणाऱ्याचे ॲप एका कंपनीचे आणि घेणाऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे असले तरी व्यवहार होतो. काही वर्षांपूर्वी पेणच्या बाजारात दुकानाच्या गल्ल्यापाशी चार कंपन्यांचे चार चौकोन चिकटवलेले दिसत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश काढला की, कोणत्याही कंपनीचा चौकोन सर्वांच्या ॲपना वाचता आला पाहिजे. आता मासळी विकणारीच्या टोपलीपाशी एक चौकोन पुरतो. त्या व्यवस्थेतही दोनच खासगी कंपन्यांच्या हाती बहुतांश व्यवहार एकवटले आहेत, हा भाग वेगळा आणि काळजीचा आहे. परंतु ग्राहकाला त्यांच्यापैकी एकीला सोडून दुसरीकडे जाता येते, आणि जाताना आपली माणसे गमवावी लागत नाहीत.

समाजमाध्यमांत नेमकी हीच गोष्ट अशक्य करून ठेवलेली आहे. फेसबुकवरच्या माणसाला एक्सवरच्या माणसाचा मजकूर आपल्या जागेवरून वाचता येत नाही, व्हॉट्सॲपवरचा निरोप टेलिग्रामवर उतरत नाही. तंत्रज्ञानाची ही मर्यादा नव्हे. ई-मेल वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांमध्ये दशकानुदशके सुखाने ये-जा करीत आहे. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने समाजमाध्यमांना एकमेकांशी जोडणारे ॲक्टिव्हिटीपब नावाचे खुले मानकही संमत केले आणि मास्टोडॉनसारखी जाळी त्यावर चालतात. मोठ्या कंपन्यांना ते नको होते, कारण त्यांची सारी कमाई कुंपणावर उभी आहे. माणूस जेथे आहे तेथेच त्याला राहावे लागते, कारण त्याची माणसे तेथे आहेत. आणि त्याची माणसेही तेवढ्याच कारणाने तेथे आहेत.

म्हणून एकच मजकूर पाच ठिकाणी टाकणे ही वस्तुतः सोय नाही. कुंपणे घातल्यामुळे उत्पन्न झालेली ती वेठ आहे. कंपन्यांनी तारा जोडल्या नाहीत, म्हणून तारा जोडण्याचे काम वापरणारा स्वतःच्या वेळातून करतो. दोन दूरध्वनींचे भाडे भरणाऱ्या त्या दुकानदाराचाच हा वारस. फरक इतकाच की भाडे पैशांत घेतले जात नसल्याने ते त्याला दिसत नाही.

आणि ही वेठसुद्धा मालकाच्या मर्जीने चालते. एका जागी लिहिलेले दुसऱ्या जागी आपोआप उमटावे अशी जी जोडणी सुरुवातीच्या काळात सर्रास होती, ती एकेका कंपनीने आपला जम बसताच तोडली. ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या साधनांना व्यक्तिगत खात्यावर मजकूर टाकण्यास बंदी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरांना विकत घेतले. त्याच डिसेंबरात इतर जाळ्यांवरील आपल्या खात्याचा पत्ता देणेही तेथे निषिद्ध ठरवले गेले. गदारोळ झाल्यावर तो नियम एका दिवसातच मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये मात्र बाहेरच्या साधनांना फुकट मिळणारा प्रवेश आवळला गेला आणि अनेक छोट्या संस्थांची, हवामानाची वा रेल्वेची माहिती देणारी आपोआप चालणारी खाती अडचणीत आली. कोणाशी विचारविनिमय नाही, दाद मागण्याची जागा नाही. मालकाने फाटक लावले एवढेच.

आता त्या पाच दारांकडे जरा जवळून पाहावे. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही तीन दारे एकाच कंपनीची आहेत. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरांना आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरांना घेतले. जुलै २०२३ मध्ये त्याच कंपनीने थ्रेड्स नावाचे चौथे दार उघडले. 'चारही ठिकाणी टाकले' असे कार्यकर्ता जेव्हा समाधानाने सांगतो तेव्हा पुष्कळदा तो एकाच वाड्याच्या चार दारांतून आत गेलेला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री हे जगाला कळले. कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत एक चूक झाली आणि सुमारे सहा तास ही सारी दारे एकदमच बंद पडली. ज्यांनी एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून तिन्ही ठिकाणी खाती ठेवली होती, त्यांचे शहाणपण त्या रात्री काही कामाला आले नाही.

पेण-अलिबागच्या माणसाला या व्यवस्थेचे नाव शोधायला फार लांब जावे लागू नये. खोती ती हीच. जमीन खोताची, घाम कुळाचा, पिकाचा मोठा वाटा खोताचा. दरसाल कुळाकडून कबुलायत लिहून घ्यायची, म्हणजे जमिनीवर त्याचा हक्क कधी साचणारच नाही. आजची कबुलायत पडद्यावर येते आणि तिच्याखाली 'मान्य आहे' एवढाच एक शब्द असतो. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या अशा काही अटी पुढे केल्या की, त्या मान्य करा नाही तर जागा सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकाराला प्रबळ स्थानाचा गैरवापर ठरवून मूळ कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. कंपनी अपिलात गेली. दंडाचा आकडा त्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ आहे. परंतु कबुलायतीला कबुलायत म्हणणारे एक सरकारी कागद निघाले, याचे महत्त्व कमी नाही.

वाट्याचाही हिशेब करावा. कंपनीच्या उत्पन्नाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा आहे. जाहिरातदार जे विकत घेतो ते वाचणाऱ्याचे लक्ष. आणि ते लक्ष गोळा होते कोणामुळे? सभेचा मजकूर टाकणाऱ्या कार्यकर्त्यामुळे, गणपतीच्या मूर्तींची चित्रे टाकणाऱ्या पेणच्या कारखानदारामुळे, नातवाचा फोटो टाकणाऱ्या आजीमुळे. पीक त्यांचे. इतके करून, पाच वर्षे खपून ज्याने आपल्या पानाचे दहा हजार अनुयायी जमवले त्याचा नवा मजकूर त्या दहा हजारांतील थोड्यांनाच दाखवला जातो. बाकीच्यांना दाखवायचा तर पैसे भरा, असे त्याला सुचवले जाते. स्वतः पिकवलेले धान्य खोताकडून पुन्हा विकत घेण्याचा हा व्यवहार आहे.

तुलना कोठे लंगडी पडते तेही सांगितले पाहिजे. कुळाला उपासमार भोगावी लागे. समाजमाध्यम सोडणारा उपाशी मरत नाही. आणि नेमक्या याच कारणाने लोकांना वाटते की, येथे जुलूम कसला, ज्याला नको त्याने सोडावे. हा युक्तिवाद चरीच्या शेतकऱ्यांनाही ऐकवला गेला असेल. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत निभावला. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मुंबई प्रांताच्या १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ ही संकल्पना आणली आणि खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. या संपातील अर्थशास्त्र आजच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडते. एकाच कुळाने जमीन सोडली असती तर खोताने दुसरे कूळ लावले असते आणि सोडणारा तेवढा नागवला गेला असता. पंचवीस गावांनी एकत्र सोडली, म्हणून जमिनी पडीक राहिल्या आणि पडीक जमिनीचा खोताला उपयोग नव्हता. समाजमाध्यमाची जागाही एकट्याने सोडून काही साधत नाही. ती सोडल्याचा तोटा एकट्याचा आणि कंपनीला त्याची खबरही नाही. 'हिंमत असेल तर सोडून दाखवा' असे व्यक्तीला सुनावणाऱ्यांना हा हिशेब कळलेला नसतो, किंवा कळलेला असूनही सांगायचा नसतो.

एक गोष्ट आणखी. याच लढ्याच्या काळात, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' पत्र सुरू केले. मुंबईची मोठी पत्रे बातमी छापोत वा न छापोत, लढ्याला स्वतःची जागा पाहिजे, हे त्या पिढीला न शिकवता समजत होते. पत्रके इतर सर्व पत्रांकडे जात असतील. पण मूळ नोंद स्वतःच्या घरी होती. आजच्या कित्येक संघटनांची मागल्या दहा वर्षांची सगळी नोंद, म्हणजे ठराव, छायाचित्रे, मोर्च्यांच्या हकिकती, परक्याच्या वाड्यात आहे. खाते गोठवले गेले तर ती परत मिळवण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे, हेही त्यांना ठाऊक नाही. ही बेफिकिरी गरिबीमुळे आलेली नाही, कारण स्वतःचे साधे संकेतस्थळ चालवण्याचा वर्षाचा खर्च एका सभेच्या मंडपाहून कमी येतो.

आता दुसरा प्रश्न. पाच ठिकाणी टाकलेल्या मजकुराचे काय होते?

प्रत काढण्याचा खर्च शून्यावर आला की प्रतींना सीमा राहत नाही, हे उघड आहे. परंतु खर्च नाहीसा होत नाही. तो लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे सरकतो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीची रेलचेल झाली की लक्षाची टंचाई होते. एकच निरोप सात ग्रुपांवरून सात वेळा आला की वाचणारा आठव्या वेळी निरोपच नव्हे तर पाठवणाऱ्याचे नावही वगळायला शिकतो. पत्रक छापायला पैसे पडत होते तेव्हा कोणते वाक्य काढावे याचा वाद कार्यालयात होई. तो वाद थांबला, याचे दुःख कोणी करीत नाही, करायला हवे.

पेणच्या मूर्तिकारांकडे या बाबतीत शिकण्यासारखे आहे. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात म्हणूनच तो धंदा इतका वाढला. परंतु डोळ्यांची आखणी साच्यातून होत नाही. ती प्रत्येक मूर्तीची निराळी, हाताने, आणि त्या कामाचा कारागीरही निराळा असतो. एकाच कारखान्यातील दोन मूर्तींकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात ते या आखणीमुळे. सभेचा मजकूर साच्यातून काढायला हरकत नाही. पण कामगारांच्या ग्रुपावर पाळीची वेळ लिहावी लागेल, शेतकऱ्यांच्या ग्रुपावर कामगारांच्या सभेशी त्यांचा संबंध काय ते सांगावे लागेल, आणि कॉलेजातल्या मुलांना धाटावला जायचे कसे हे सांगावे लागेल. हे काम कोणतेही साधन करीत नाही, आणि करते असा दावा करणाऱ्या नव्या साधनांनी पाळीच्या वेळा कोणाला विचारलेल्या नसतात.

याहून गंभीर बाब दुरुस्तीची आहे. मजकूर एकदम पाच ठिकाणी जातो. चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती मात्र त्या सर्व ठिकाणी, त्याच माणसांपर्यंत, त्याच क्रमाने जात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा फोनांवरून गावोगाव पसरलेली होती. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण सावधगिरीची सूचना देत आहोत असेच वाटले असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले, जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू केले, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या निरोपांसाठी ते एका ठिकाणापुरते आवळले. एकाच वेळी अनेक ठिकाणी मजकूर टाकण्याच्या सोयीला तिच्या मालकानेच घातलेला हा लगाम आहे. तो घालण्यापूर्वी किती माणसे मरावी लागली, याची आठवण ठेवून कार्यकर्त्याने पुढे पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की, संकटकाळी तरी एकच निरोप सगळीकडे जाणे हिताचे नाही काय? आहेच. जुलै १९८९ च्या अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्याची आणि रोहा तालुक्यातील नागोठण्याची जी दैना केली, ती या भागातील वयस्क माणसे विसरलेली नाहीत. तेव्हा वरच्या खोऱ्यात पाऊस किती झाला हे खालच्या गावाला वेळेवर कळण्याचे साधन नव्हते. आज राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' नावाची व्यवस्था आहे. तिच्यात इशारा एकदाच एका ठरलेल्या नमुन्यात लिहायचा आणि तो एसएमएस, ॲप, दूरदर्शन, आकाशवाणी अशा अनेक मार्गांनी एकदम बाहेर पडतो. नमुना खुला आहे, जगभर मान्य आहे आणि कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. भ्रमणध्वनीची कंपनी कोणतीही असो, त्या टापूतल्या सर्वांना तो मिळावा अशी योजना आहे. एक लेखन आणि अनेक वाटा हे काम सार्वजनिक मालकीच्या मानकावर किती सरळपणे होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. कुंपण न घालताही जाळी विणता येतात.

परंतु ३ जून २०२० चा दिवसही लक्षात ठेवला पाहिजे. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, माणगाव, रोहा या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, मनोरे बंद पडले आणि कित्येक गावांचा फोन दिवसचे दिवस लागला नाही. व्हॉट्सॲप निराळे, फेसबुक निराळे, एसएमएस निराळा, हे सारे भेद एका तासात मिटले, कारण त्या सर्वांच्या मुळाशी तोच मनोरा आणि तीच वीज होती. नुकसानीची खबर तालुक्याच्या गावी आणली ती पडलेली झाडे ओलांडत चालत आलेल्या माणसांनी.

तर मग एकच गोष्ट अनेक ठिकाणी नेणे चळवळीने सोडून द्यावे काय? पेणचा स्वतःचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. गागोदे हे पेण तालुक्यातील विनोबांचे जन्मगाव. १९५१ पासून ते वर्षानुवर्षे गावोगाव चालले आणि प्रत्येक गावात मागणी एकच केली. भूदानाच्या फलिताविषयी समाजवाद्यांत मतभेद होते आणि ते साधार होते. पण मागणी एक असली तरी प्रत्येक गावाने दिलेले उत्तर निराळे होते, आणि ते ऐकायला मागणारा तेथे बसलेला असे.

याहून जवळचा दाखला महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्याचा आहे. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील ४५ गावांची जमीन रिलायन्स समूहाच्या प्रकल्पासाठी घेण्याचा घाट घातला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि गावोगावचे शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या पेण तालुक्यातील २२ गावांत, शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे, २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाला लोकांचे मत अजमावावे लागले. जमीन द्यायची की नाही, हा एकच प्रश्न बावीस ठिकाणी एकाच दिवशी विचारला गेला. मत देणाऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला आणि पुढे तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. त्या वेळी व्हॉट्सॲप जन्मालाही आलेले नव्हते. पत्रके हातांनी वाटली गेली, गावकीच्या बैठका झाल्या, बायाबापड्यांनी सातबाराचे उतारे पुढे ठेवून शंका विचारल्या. धरणाचे पाणी येणार असेल तर दुबार पीक निघेल की नाही, मोबदल्याचा पैसा किती वर्षे पुरेल, खारबंदिस्तीची जमीन कशात मोजणार. एका गावची शंका दुसऱ्या गावची नव्हती, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर देणारे माणूस समोर होते. बावीस गावांत प्रश्न एकच असूनही त्याचे कर्कश कर्णे झाले नाहीत, ते यामुळे.

आज तोच लढा झाला असता तर फोनांचा उपयोग कोणी केला नसता असे नव्हे. करायलाच हवा होता. फक्त कामाची मांडणी उलटी करावी लागेल. मजकूर आधी संघटनेच्या स्वतःच्या जागेवर, तारखेसह, दुरुस्त्यांसह नोंदला जावा आणि तेथून इतरत्र जावा. म्हणजे एखादे दार बंद झाले तरी घर शिल्लक राहील आणि चूक झाली तर दुरुस्ती कोठे पाहायची हे सर्वांना ठाऊक असेल. जेथे उत्तर वाचायला माणूस नेमता येत नाही तेथे मजकूर टाकू नये. पाच जागा सांभाळता येत नसतील तर दोनच ठेवाव्या. रोह्याच्या त्या कार्यकर्त्याला इन्स्टाग्राम वाचणारा एक सोबती मिळाला असता तर सभेची वेळ बदलता आली असती. आणि कायद्याची मागणी करायची ती या जाळ्यांच्या तारा एकमेकींना जोडण्याची. युरोपीय संघाने २०२२ च्या आपल्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या निरोपसेवा इतरांसाठी खुल्या करण्याचे बंधन घातले आहे. समाजमाध्यमांच्या भिंतींपर्यंत मात्र ते अद्याप पोचलेले नाही. ज्या देशाने पैशांच्या बाबतीत हे करून दाखवले त्याला शब्दांच्या बाबतीत ते अशक्य का असावे, हा प्रश्न संसदेत विचारण्याजोगा आहे. पंचवीस गावांनी एकत्र उठल्याशिवाय तो विचारला जाणार नाही, हेही तितकेच खरे.

तोवर एक लहान काम तालुका शाखांच्या हातात आहे. पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या अशा वाड्या आहेत की, जेथे फोन असला तरी चढावर जाऊन उभे राहिल्याशिवाय तो लागत नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरसालवाडीवर दरड कोसळली ती रात्री, आणि मदतीला निघालेल्यांना अंधारात डोंगर चढून जावे लागले. अशा प्रत्येक वाडीची यादी करावी आणि वाडीच्या नावापुढे एका माणसाचे नाव लिहावे: फोन लागला नाही तर निरोप घेऊन चालत कोण जाणार, आणि तेथले काय ते ऐकून परत कोण येणार. मृगाच्या आधी ही यादी पुरी झाली पाहिजे.